सावंतवाडीची लाकडी भातुकली : दोन मुलांनी वर्षभर खेळून झाल्यावरचा रिव्ह्यू

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सावंतवाडीहून लाकडी भातुकली आणली तेव्हाच दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं होतं की कशी आहे, घ्यावी का, लहान मुलांना चालेल का. मी म्हटलं थांबा जरा, नवीन खेळणं पहिले आठ दिवस सगळ्याच मुलांना आवडतं, नीट वापरून झालं की सांगते. आता वर्ष होत आलं, मध्ये एक अख्खा पावसाळा गेला, एक वस्तू तडकली, एक दुरुस्त करून घेतली, आणि तरी रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये चूल मांडली जातेच. तेव्हा आता अगदी खात्रीने लिहिते. लांबलचक होणार आहे, कारण घेताना काय बघायचं ते कुणीतरी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला खूपदा वाटलं.

आमच्याकडे दोन मुलं. चिऊ आता सहा वर्षांची, घेतली तेव्हा पाच. धाकटा आता अडीचचा, तेव्हा जेमतेम दीड. ठाण्याला फ्लॅटमध्ये राहतो, सासूबाई आमच्याबरोबर, मी आणि नवरा दोघंही ऑफिसला, म्हणजे दिवसभर मुलं आजीजवळ आणि संध्याकाळी सातनंतर आमच्याजवळ. आणि तो सातनंतरचा वेळ कसा जातो ते लहान मुलं असलेल्या सगळ्यांना माहितीय. एकाला भूक लागलेली, एकीला दिवसभराचं सगळं आत्ताच सांगायचंय, कुकर लावायचाय, आणि हातात मोबाइल दिला की शांतता, पण तो परत घेताना रडारड. त्या वेळेला मुलांना स्वयंपाकघराच्या आसपास, आपल्या नजरेसमोर, पण गॅसपासून लांब गुंतवून ठेवेल असं काहीतरी मी कधीपासून शोधत होते.

त्याआधी दोन भातुकल्या घेऊन झाल्या होत्या. एक प्लॅस्टिकची, ऑनलाइन मागवलेली, फोटोत छान दिसली पण प्रत्यक्षात इतकी पातळ की कपाचे कान दुसऱ्याच दिवशी तुटले आणि तुटलेली कड ब्लेडसारखी. दुसरी स्टीलची, जत्रेतून घेतलेली, आपल्या लहानपणी असायची तशी. ती टिकली, पण ताटल्यांच्या कडा नीट दुमडलेल्या नव्हत्या, चिऊच्या अंगठ्याला कापलं आणि आवाज तर असा की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या. दोन्ही माळ्यावर गेल्या.

सुट्टीत आम्ही वेंगुर्ल्याला गेलो होतो, नवऱ्याच्या आत्याकडे. मुलं तिला आत्याआजी म्हणतात. तुतारी एक्स्प्रेसने गेलो, ती दादरहून मध्यरात्री सुटते, आम्ही ठाण्याला चढलो. लहान मुलांना घेऊन जायला मला तरी रात्रीची गाडीच बरी वाटते, चढले की झोपतात, सकाळी उठले की कोकणातले बोगदे मोजण्यात वेळ जातो आणि जेवायच्या वेळेपर्यंत सावंतवाडी येतं. स्टेशन गावापासून थोडं लांब आहे, रिक्षा करावी लागते. जाताना सामान होतं म्हणून थेट वेंगुर्ल्याला गेलो, आणि नंतर एक दिवस खास सावंतवाडीसाठी काढला. ते बरंच झालं, कारण हे काम घाईने, बॅगा सांभाळत करायचं नाही.

मोती तलाव, त्याच्या काठी राजवाडा आणि तिथून जवळच चितार आळी. ही आळी म्हणजे लाकडी खेळण्यांची दुकानं ओळीने. चितारी म्हणजे रंगकाम करणारे कारागीर, त्यांची आळी ती चितार आळी. आम्ही आधी राजवाड्यात गेलो, तिथे गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात, ते बघायला मिळतं. गोल गोल पत्ते, बारीक ब्रशने रंगवलेले, दशावताराच्या संचात १२० पत्ते असतात, एकेका अवताराचे बारा. सावंत-भोसले घराण्याने ही कला मरू दिली नाही, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी कारागिरांना हाताशी धरून ती परत उभी केली. चिऊ तिथे चक्क दहा मिनिटं एका जागी उभी राहिली. समोरचे काका मत्स्यावताराच्या शेपटीचे खवले काढत होते, एका खवल्याला एक टिंब, श्वास रोखून, आणि हीसुद्धा त्यांच्याबरोबर श्वास रोखून बघत होती. धाकट्याला मात्र बाहेर तलावाकडे पळायचं होतं, त्यामुळे एकाने आत आणि एकाने बाहेर असं आळीपाळीने बघितलं. लहान मुलं असतील तर तसंच करा.

आता दुकानांबद्दल. एकाच दुकानाची जाहिरात व्हायला नको म्हणून नाव देत नाहीये, आम्ही चार दुकानं फिरलो आणि माल साधारण सगळीकडे सारखाच होता, फरक होता तो दाखवण्यात. पहिल्या दुकानात चिऊने पोळपाटाला हात लावला तर लगेच "हात नको लावू" झालं, तिथून निघालो. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र तिला स्वतःच खाली बसकूर टाकून दिलं, समोर जातं ठेवलं आणि म्हणाले, "घे गो बाय, फिरवून बघ, काय होऊचा नाय." एवढं ऐकल्यावर ती बसलीच. मुलांचं खेळणं घेताना मुलांना हाताळू देणारं दुकान निवडा हे मी अगदी मनापासून सांगते, कारण कुठली वस्तू मुलाच्या हातात बसते ते आपल्याला नुसतं बघून कळत नाही. मला जी बारीक नक्षीची सुंदर विळी आवडली होती ती चिऊने एकदा उचलून बाजूला ठेवली, आणि जे जातं मला उगाच जड वाटत होतं ते सोडायला ती तयार नव्हती.

तयार बॉक्स मिळतात, वीस-बावीस वस्तूंचे, पण आम्ही सुट्या वस्तू निवडून घेतल्या. जातं, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, पोळपाट-लाटणं, चूल, दोन पातेली झाकणासकट, रवी, परात, छोटी विळी (लाकडीच, पातं पण लाकडी), चार ताटल्या, आणि वेगळी एक टोपली फळांची. सगळं मिळून चौदाशे रुपयांच्या आसपास गेलं. तयार बॉक्स स्वस्त पडला असता, पण त्यात अर्ध्या वस्तू इतक्या छोट्या की नुसत्या शोकेसमध्ये ठेवायच्या. खेळायचं असेल तर सुट्या आणि जरा मोठ्या मापाच्या वस्तू घ्या, आणि निवडताना बूड सपाट आहे का ते काउंटरवर ठेवून बघा, आमच्या दोन ताटल्या घरी आल्यावर डुगडुगायला लागल्या तेव्हा लक्षात आलं.

फळांबद्दल थोडं जास्त सांगते कारण सावंतवाडी म्हटलं की आधी ती फळंच आठवतात. आंबा, काजूचं बोंड, केळी, सीताफळ, अननस, पेरू, पपई. हाताने रंगवलेली, आंब्याला देठाजवळ जरा लालसर छटा, सीताफळाचे डोळे एकेक वेगळे. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं म्हणून फळांना ते वापरतात असं काकांनी सांगितलं, आणि खरंच हातात घेतलं की वजनच लागत नाही, धाकट्याने आंबा फेकून मारला तरी कुणाला लागलं नाही (दोनदा फेकून झालाय, एकदा माझ्या कपाळावर). मोठ्या आकाराची फळं दीड वर्षाच्या मुलालाही दोन्ही हातांनी धरता येतात. पण याच टोपलीत द्राक्षं, लिंबं, आवळे असलंही काही असतं, आणि तिथे मला फार काळजीने लिहायचंय.

चिऊसाठी म्हणून छोटे लाकडी लाडू घेतले होते, पाच, सुपारीपेक्षा थोडे मोठे. वेंगुर्ल्याला तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून आडवे झालेले, चिऊ ओटीवर मांडामांड करत होती आणि धाकटा तिच्याशेजारी एकदम गप्प बसलेला. तो गप्प म्हणजे काहीतरी आहे म्हणून मी उठून बघितलं तर एक गाल फुगलेला. लाडू तोंडात. मी आरडाओरडा केला नाही, त्याच्यासमोर खाली बसले, तळहात पुढे केला आणि "आ कर, मला दे" म्हटलं, तर त्याने अलगद हातात टाकला, लाळेने चकचकीत झालेला. पण त्यानंतर कितीतरी वेळ माझे हात थरथरत होते. तो दचकला असता, हसला असता, पळाला असता तर काय झालं असतं हा विचार आजही येतो.

म्हणून घरी आल्यावर मी या विषयावर नीट वाचलं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी एक माप ठरलेलं असतं, ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक छोटी नळी, त्यात जी वस्तू किंवा तिचा सुटलेला तुकडा पूर्ण मावतो तो त्या वयाच्या मुलाला द्यायचा नाही. ती नळी आपल्याकडे कुठून असणार, पण किचन रोल संपल्यावर आतली पुठ्ठ्याची नळी राहते ना, ती त्यापेक्षा थोडी मोठीच असते, म्हणजे त्यात न मावणारी वस्तू त्या मापाच्या नळीतही मावणार नाही. मी एका रविवारी सगळी भातुकली त्या नळीतून काढली. पाच लाडू, लिंबू, दोन आवळे, आणि मला ज्याचा संशयही नव्हता तो वरवंटा, तो आडवा मोठा दिसतो पण उभा धरला की सरळ आत जातो. हे सगळं एका स्टीलच्या डब्यात घालून वरच्या कप्प्यात ठेवलंय, धाकटा झोपला की चिऊला मिळतं. तिलाही ते आवडतं, तो तिचा "मोठ्यांचा डबा" आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. मुलं तोंडात घालणारच. लाखेचं काम असेल तर लेथवर वस्तू गरगर फिरत असताना लाखेची रंगीत कांडी तिला टेकवतात, घासून गरम होते तशी लाख वितळते आणि लाकडावर बसते, त्याची चमक वेगळीच असते, जराशी खोल, काचेसारखी. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी याच पद्धतीची. माझ्या बहिणीने बंगलोरहून तिथला एक खुळखुळा पाठवला होता, धाकट्याने त्याला दात येताना सहा महिने चावलं तरी रंग तसाच. सावंतवाडीत मात्र बऱ्याच वस्तूंवर ब्रशने रंग आणि वरून पॉलिश असतं, विशेषतः फळांवर, आणि ते दुकानागणिक वेगळं. मी दुकानातच पांढरा रुमाल ओला करून प्रत्येक वस्तू घासून बघितली. काकांना राग येईल असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, जोर लावून घास. जात्याला, पातेल्यांना काही झालं नाही. लाल चुलीचा रंग मात्र रुमालाला आला, हलकासा गुलाबी. ती परत ठेवली आणि त्यांनी आतून बिनरंगाची चूल आणून दिली, नुसतं घासलेलं लाकूड. आज सगळ्यात छान तीच दिसतेय.

कुणीतरी विचारेल म्हणून हेही सांगते, लाकडी हाताच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का दिसला नाही तर गोंधळू नका. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना तो शिक्का सक्तीचा झाला, पण सरकारकडे नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट दिलीय. म्हणजे शिक्का नाही म्हणून माल खराब असं नाही, पण तपासायची जबाबदारी आपल्यावर आली. ओला रुमाल, पुठ्ठ्याची नळी आणि सगळ्या कडांवरून स्वतःचं बोट फिरवून बघणं, एवढं केलंत की बरीचशी चिंता मिटते. कुसं लागतात का तेही बघा, आमच्या मुसळाच्या टोकाला एक होतं, काकांनी तिथल्या तिथे पॉलिशपेपर मारून दिलं.

आता मुलं खेळतात कशी ते.

वेंगुर्ल्याला ओटीवर जातं मांडलं तेव्हा आत्याआजी पाय पसरून समोर बसल्या. त्यांच्या घरात खरं जातं अजून आहे, मागच्या पडवीत, आता वापरात नाही. त्यांनी चिऊच्या हाताची मूठ खुंट्यावर बसवली, वर आपला हात ठेवला आणि म्हणाल्या, ढकलायचं नाही, ओढून सोडायचं. मूठभर चुरमुरे टाकले. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर घासल्या, आणि कडेने खरंच चुरा पडायला लागला, पांढरा, बारीक, थोडा थोडा. चिऊचा चेहरा मी विसरणार नाही. तिला वाटत होतं खेळातलं जातं म्हणजे खोटं खोटं. तो चुरा तिने तळहातावर घेऊन घरातल्या प्रत्येकाला नेऊन दाखवला, मग अंगणातल्या कोंबड्यांना घातला, आणि परत येऊन म्हणाली, अजून टाका. पुढचे चार दिवस समुद्र राहिला बाजूला, सकाळी उठली की जातं. घावणे होत असताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिची चूल, आत आत्याआजी खऱ्या तव्यावर, बाहेर ही खोट्या, आणि दोघींच्या गप्पा. माझ्या सासूबाई आणि आत्याआजी, नणंदा-भावजया, एरवी त्यांचं फोनवर दोन मिनिटांच्या पुढे बोलणं जात नाही, त्या दुपारी त्या जात्याभोवती बसून लहानपणी कोण किती दळायचं ते सांगत होत्या.

सागरेश्वरच्या किनाऱ्यावर मात्र नेऊ नका. आम्ही नेलं एकदा, हौसेने, आणि जात्याच्या दोन तळ्यांमध्ये वाळू गेली. फिरवलं की कर्र कर्र आवाज आणि पॉलिशवर गोल गोल ओरखडे. घरी येऊन जुन्या टूथब्रशने काढली तरी अजून कधीतरी एखादा कण निघतो. वाळूत खेळायला नारळाच्या करवंट्याच बऱ्या, आत्याआजींनी डझनभर दिल्या होत्या.

आणि एक गंमत, म्हणजे मला फार आवडलेली गोष्ट. आरवलीला वेतोबाच्या देवळात गेलो होतो. तिथे देवाला केळी आणि मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, देव रात्री गावात फेरी मारतो आणि त्या झिजतात असा तिथल्या लोकांचा भाव आहे. त्या चपला मुलांनी बघितल्या तर थक्क, धाकटा एका चपलेशेजारी उभा राहिला तर त्याच्यापेक्षा तीच मोठी वाटत होती. ठाण्याला परत आलो, शाळा सुरू झाली, आठ-दहा दिवस गेले आणि एके दिवशी ऑफिसमधून येऊन बघते तर दारातल्या सगळ्या चपला हॉलमध्ये ओळीने मांडलेल्या, त्यातली बाबांची सगळ्यात पुढे, तिच्यासमोर ताटलीत लाकडी केळी, आणि धाकटा हात जोडून उभा. चिऊ म्हणाली, देव खूप चालून आलाय, त्याला जेवायला वाढलंय. मला वाटत होतं सुट्टी यांच्या लक्षात नाही राहणार, लहान आहेत.

तेव्हापासून हे चालूच आहे. एखाद्या दिवशी हॉलमध्ये आत्याआजीचं घर असतं, दुसऱ्या दिवशी ट्रेन आणि ट्रेनमधला चहावाला, कधी आमच्या सोसायटीतली इस्त्रीवाल्या काकांची टपरी (पोळपाट म्हणजे इस्त्रीचं टेबल). संध्याकाळी मी कणीक मळायला घेतली की दोन गोळे तोडून देते. चिऊचं लाटणं व्यवस्थित फिरतं, मधे जाड बाजूला निमुळतं, खऱ्यासारखंच, तिला आता हाताएवढी गोल पोळी येते, आणि ती पोळी मी खरोखर भाजून देते, तिच्या बाबांच्या ताटात पहिली तीच पडते. धाकट्याला रवी आवडते. दोन तळव्यांत धरून घुसळायची आणि "ताक, ताक" करत सगळ्यांना वाटायचं. डॉक्टरांकडे गेलो होतो तेव्हा त्या म्हणाल्या हातांसाठी फार चांगला व्यायाम आहे, आणि मी काही मुद्दाम व्यायाम म्हणून घेतलेली नव्हती.

भांडणं होतात का? होतात. जातं एकच आहे. दोन मुलं असतील तर ज्याचा आवाज होतो किंवा जे फिरतं ते दोन घ्या, बाकी सगळं एकेक चालतं. मला हे तेव्हा सुचलं नाही.

तक्रारी सांगते, कारण आहेत. तीन आठवड्यांत जात्याचा खुंटा निघाला. तो नुसता भोकात ठोकून बसवलेला होता, हवा कोरडी झाली तसा ढिला झाला असावा. दुकानात फोन केला तर काका म्हणाले पुढच्या वेळी घेऊन या, मी नवा बसवून देतो, तोवर भोकात पातळ बांबूची सळी घालून फेविकॉल लावा. नवऱ्याने तसं केलं, रात्रभर दोरीने बांधून ठेवलं, अजून टिकलंय, पण खुंटा निघाला तेव्हा तो नळीत मावणारा सुटा तुकडाच झाला ना, आणि तो धाकट्याच्या आधी मला सापडला म्हणून ठीक. तेव्हा असे ठोकलेले भाग घेतानाच ओढून बघा आणि दर महिन्याला परत बघत राहा. मला वाटतं कारागिरांनी हे भाग डिंकाने पक्के करूनच द्यायला हवेत, दोन-पाच रुपये जास्त घ्या हवं तर.

उखळ तडकलं, ती मात्र आमची चूक. सासूबाई भांडी विसळताना चिऊने तिचीही भांडी बादलीत बुडवली आणि तशीच ठेवली, तासभर. लाकूड फुगलं, मग गॅलरीत उन्हात वाळवलं तर सकाळी उखळाला उभी चीर. लाकडी भातुकली धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं फडकं मारायचं, आणि कडक उन्हात ठेवायची नाही. पावसाळ्यात पाटा-वरवंट्यावर बारीक बुरशी आली, पांढरी, पावडरसारखी. बिनरंगाच्या वस्तूंवरच आली, लाखेच्या वस्तूंवर नाही. पुसून, पंख्याखाली दोन दिवस ठेवून, मग बोटभर खोबरेल तेल चोळलं, परत आली नाही. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात ठेवत होतो म्हणून ती आली असं मला वाटतं, आता वेताच्या टोपलीत उघडीच असते.

फळांचा रंग देठाजवळ उडालाय, आंब्याचं एक टोक चेचलंय. पण खरं सांगू, आता ती जास्त आमची वाटतात.

त्याच दुकानातून नणंदेच्या बाळासाठी पांगुळगाडा घेतला होता, त्याबद्दल दोन ओळी. बाळ तेव्हा दहा महिन्यांचं, धरून उभं राहायला लागलेलं. आमच्या डॉक्टरांनी बसायच्या चाकांच्या वॉकरला स्पष्ट नको म्हटलं होतं, कॅनडात तर २००४ पासून त्यावर बंदीच आहे, मुलं त्यात बसून जिन्यावरून पडतात म्हणून. पांगुळगाड्यात बाळ बसत नाही, स्वतःच्या पायांवर उभं राहून दांडा धरून ढकलतं. तरी गुळगुळीत टाइल्सवर तो एकदम पुढे पळतो, पहिले काही दिवस नणंदेला दांड्याला हात लावूनच चालावं लागलं, मग तिने चाकांना जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या आणि छान चालायला लागला. गावाकडच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर हा प्रश्न येत नसणार. घ्यायचा असेल तर चाकं जरा घट्ट फिरणारी बघा, आणि बाळ त्याच्याजवळ असताना एक मोठं माणूस तिथेच हवं.

आणायचं कसं हेही विचारतात. आम्ही एकही खोका केला नाही, जात्यात मोजे कोंबले, पातेल्यांमध्ये धाकट्याच्या चड्ड्या, फळं स्वेटरमध्ये गुंडाळली आणि सगळं मधल्या बॅगेत, काही फुटलं नाही. दुकानं दुपारी जेवणाच्या वेळेला बंद होतात, कोकणात सगळीकडेच, तेव्हा सकाळी दहा-अकराला पोचा. मुलांना आधी खायला घालून न्या. आणि एक मूल कंटाळलं तर मोती तलावाच्या काठाने एक फेरी मारून आणायला दुसरं कुणीतरी बरोबर असू द्या.

किती मार्क द्यायचे तर भातुकलीला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या खुंट्याचा कापला. छोट्या वस्तूंचा तयार बॉक्स तीन वर्षांखालच्या मुलाच्या घरात घेऊच नका, त्याला मी मार्कच देणार नाही. दुकानातल्या काकांना पैकीच्या पैकी.

या दिवाळीला परत चाललोय, तिकिटं झालीत. दुसरं जातं घ्यायचंय, जरा मोठं उखळ घ्यायचंय, आणि चिकटवलेलं जातं बरोबर नेणार आहे नवा खुंटा बसवून घ्यायला. चिऊने त्यासाठी तिची शाळेची जुनी बॅग आत्तापासून रिकामी करून ठेवलीय, आणि काकांना दाखवायला चुरमुऱ्यांची एक पुडी त्यात टाकलीय.